शॉकअप नवे टाकले, गाडी उंचही केली. पण स्टेअरिंगचा हिशोब जुळवला का?

अमरावती/अकोला : पावसाळा संपत आला की वऱ्हाडातल्या गॅरेजवर एकच तक्रार ऐकू येते. "गाडी डाव्या अंगाले ओढते." त्याच्या पाठोपाठ दुसरी येते, "मागच्याच महिन्यात शॉकअप नवे टाकले, तरी पुढचे टायर एकाच बाजूनं खाल्ले." बऱ्याच वेळा दोष नव्या पार्टमध्ये नसतो. पार्ट बदलला, पण तो बदलल्यावर चाकांचे कोन पुन्हा जुळवायचे राहून गेले, एवढेच झालेले असते. त्याची किंमत मात्र मोठी पडते. आधी दोन टायर जातात, आणि वेळ वाईट असली तर भरल्या गाडीत, वेगात असताना स्टेअरिंग हाताचे ऐकत नाही.

आपल्या भागात हा त्रास जास्त का जाणवतो, याला जमीनही कारणीभूत आहे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या पूर्णेच्या खोऱ्यातली काळी चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता काही वर्षांत लाटेसारखा होतो. खड्डा नसला तरी गाडी झोका घेतल्यासारखी वरखाली होत जाते. दुसरीकडे अमरावती-अकोला महामार्ग आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. म्हणजे एकच गाडी सकाळी पांदण रस्त्याने वावरात जाते, दुपारी लाटेच्या रस्त्याने तालुक्याला आणि संध्याकाळी महामार्गावर ऐंशीच्या वेगाने अकोल्याला. कोन चुकले असतील तर तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने ते कळते.

तीन कोन, आणि त्यातला सगळ्यात खर्चिक

चाके सरळ उभी दिसतात, पण ती नुसती सरळ उभी नसतात. वरून पाहिले तर दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात, तो 'टो'. समोरून पाहिले तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला असतो, तो 'कॅम्बर'. आणि चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहिला तर माथ्याकडून मागे कललेला असतो, तो 'कास्टर'.

कास्टर समजायला सायकल पुरे. तिचा चिमटा तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. गाडीचेही तसेच आहे. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येते ते कास्टरमुळे. खड्ड्यात चाक जोरात आदळून लोअर आर्म मागे वाकला, तर त्या बाजूचा कास्टर कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढू लागते. मडगार्डच्या कमानीत चाक मधोमध न दिसता मागे सरकलेले दिसले, तर अलाइनमेंटच्या आधी आर्म तपासावा.

कॅम्बर चुकला की टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड झिजते. टो चुकला तर टायर रोज थोडा थोडा घासला जातो, आणि हा घसारा डोळ्यांना लवकर दिसत नाही. १३ इंची रिमच्या छोट्या गाडीचा टायर साधारण ५६० मिलिमीटर व्यासाचा धरा. टोमध्ये एकूण ४ मिलिमीटरची चूक असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ आले. म्हणजे चाक ५६० मिलिमीटर पुढे जाताना २ मिलिमीटर आडवे ओढले जाते. एका किलोमीटरला साडेतीन मीटर झाले. अमरावतीहून अकोल्याला जायला शंभरेक किलोमीटर धरले, तर तेवढ्या एका फेरीत टायर साडेतीनशे मीटर आडवा ओढला गेला. रोज जाणे-येणे करणाऱ्याने हा गुणाकार स्वतःच करून पाहावा.

घसारा ओळखायला मशीन लागत नाही. गाडी उभी करून पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर नेताना करवतीसारखे टोचले, तर चाकांची तोंडे गरजेपेक्षा जास्त आत आहेत. उलट लागले तर बाहेर.

पार्ट बदलला की कोन का बदलतात

मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढे एकच रचना असते. वर स्प्रिंगसह शॉकअपचा खांब, खाली लोअर आर्म, आणि मागून किंवा पुढून चाकाला धरून ठेवणारा टायरॉड. म्हणजे चाक तीन ठिकाणी धरलेले असते. यातला कोणताही एक पार्ट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की चाकाची दिशा बदलते.

टायरॉड एंड बदलताना बरेच मिस्त्री जुन्याची चुडी किती फेऱ्यांनी निघाली ते मोजतात आणि नवा तितक्याच फेऱ्यांनी चढवतात. ही सवय चांगलीच, गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. पण तेवढ्यावर काम संपत नाही. चुडी दीड मिलिमीटरची आणि चाकाला वळवणारा हात १२ सेंटिमीटरचा धरला, तर टायरॉडची एक फेरी म्हणजे त्या चाकाच्या टोमध्ये तब्बल ७ मिलिमीटरचा फरक. अर्धी फेरी चुकली तरी साडेतीन. शिवाय दुसऱ्या कंपनीचा एंड लांबीला एक-दोन मिलिमीटर कमीजास्त असतोच. मग फेऱ्या बरोबर मोजूनही माप चुकते.

शॉकअप बदलताना दुसरी गोष्ट होते. खांब आणि चाकाचा नकल यांना जोडणारे खालचे दोन बोल्ट सोडावे लागतात, आणि त्यांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. बोल्ट परत कसताना नकल किंचित आत बसला की बाहेर, यावर कॅम्बर ठरतो. कॅम्बर हलला की त्याच्यासोबत टोही हलतो. म्हणून "फक्त शॉकअपच तर बदलला, अलाइनमेंट काहून करा लागते?" या प्रश्नाचे उत्तर त्या दोन बोल्टांत आहे. ते सोडायच्या आधी बोल्टाच्या डोक्यावर आणि नकलवर रंगाची एक रेघ मारून ठेवली, मोबाइलवर फोटो काढला, तर परत बसवताना बराच फायदा होतो.

लोअर आर्मच्या रबरी बुशबद्दलही सांगायला हवे, कारण ही चूक फार होते. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबत असतो. त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट पूर्ण कसला, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो. तो पीळ कायम राहतो, बुश लवकर फाटतो आणि तोवर गाडीची उंचीही किंचित चुकते. हा बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन आर्मवर आल्यावरच शेवटचा कसायचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण खाली वाकावे लागते म्हणून टाळले जाते.

गाडी उंच केली, मग खरी गडबड

पांदण रस्त्यात चेंबर लागते म्हणून स्प्रिंगच्या वर दीड-दोन इंचाचा स्पेसर टाकून गाडी उचलण्याची पद्धत गावागावांत पोचली आहे. काम तासा-दोन तासांचे, खर्चही फार नाही. पण इथे नुसते टो जुळवून भागत नाही.

कारण असे. चाक वरखाली होते तेव्हा लोअर आर्मचे टोक एका वर्तुळाच्या कमानीत फिरते, आणि टायरॉडचे टोक दुसऱ्या कमानीत. कंपनीने या दोन कमानी एकमेकींशी जुळवलेल्या असतात, म्हणून चाक चार इंच उचलले गेले तरी त्याचे तोंड जवळपास सरळच राहते. गाडी उंच केली की दोन्ही पार्ट तिरपे होतात आणि आपापल्या कमानीच्या भलत्याच भागात काम करू लागतात. मग चाक वर गेले की टायरॉड त्याला ओढतो किंवा ढकलतो, आणि ड्रायव्हरने काही न करता चाक वळते. याला कारागीर 'बंप स्टिअर' म्हणतात. ते आत वळेल की बाहेर, हे रॅक चाकाच्या आसाच्या पुढे बसवला आहे की मागे यावर अवलंबून असते.

सपाट महामार्गावर हा दोष लपून राहतो. अलाइनमेंटच्या मशीनवरही लपतो, कारण तिथे गाडी स्थिर उभी असते. आकडे हिरवे दिसतात, कागद हातात मिळतो. आणि अकोटच्या बाजूच्या लाटेच्या रस्त्यावर गेल्याबरोबर गाडी सापासारखी चालू लागते. मशीन खोटे बोलत नाही, पण तिला फक्त उभ्या गाडीचे माप विचारलेले असते.

घरी तपासायचे असेल तर जागा सपाट हवी आणि दोन माणसे. पुढचे एक-एक चाक जॅकवर उचलून फिरवा आणि फिरत्या टायरच्या मधोमध खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी खाली घ्या, दोन-चार वेळा दाबून सोडा, थोडी पुढेमागे ढकला म्हणजे चाके बसतील. आता चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, पुढच्या बाजूला, दोन्ही टायरांवरच्या रेघांवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला जातील, आणि तिथूनही ओळंबा सोडा. पुढचे अंतर आणि मागचे अंतर यातला फरक म्हणजे टो. पुढचे कमी असेल तर टो-इन.

हे माप घेतल्यावर दोन जड माणसांना पुढच्या बंपरजवळ बसवून पुढचा भाग दोन इंच दाबला जाईल असे करा आणि तेच माप परत घ्या. चांगल्या गाडीत फरक अगदी थोडा येतो. पाच-सात मिलिमीटर आला तर कमानी जुळत नाहीत हे नक्की समजावे.

मग करायचे काय? खरा उपाय कमानी परत जुळवणे हाच. जेवढी गाडी उचलली तेवढेच इंजिनखालची क्रॉस मेंबर आणि रॅक सोबत खाली घ्यायचे, म्हणजे आर्म आणि टायरॉड पुन्हा जुन्या तिरकसपणावर येतात. किंवा त्याच गाडीसाठी बनवलेला उंच खुंटीचा टायरॉड एंड आणि बॉल जॉइंट टाकायचा. कॅम्बर सुधारायला विलक्षण आकाराचा, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला बोल्ट मिळतो, पण तो साधारण दीड अंशापर्यंतच पुरतो. तेवढ्यात भागत नसेल तर स्पेसर जाड आहे, असा त्याचा अर्थ. प्रामाणिक मिस्त्री इथे स्पेसर काढायला सांगेल, आणि त्याचे ऐकावे.

टायरॉड किंवा नकलचा हात गॅसवर लाल करून वाकवणे, किंवा लांबी कमी पडली म्हणून त्याला वेल्डिंगचा तुकडा जोडणे, हा उपाय कुणी सुचवला तर तिथून गाडी काढून न्यावी. हे पार्ट घडीव पोलादाचे असतात आणि त्यांना ठरावीक ताव दिलेला असतो. भट्टीच्या उष्णतेने तो उतरतो. वेल्डिंगजवळ चीर पडते आणि ती आधी दिसत नाही. स्टेअरिंगचा दांडा तुटल्यावर ब्रेक मारण्याइतकाच वेळ उरतो, कधी तेवढाही नाही.

उंचीसोबत आणखी काही गोष्टी ताणल्या जातात. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे जास्त तिरपे चालतात आणि त्यांचे रबरी बूट फाटतात. ब्रेकचा होज स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणतो का ते पाहावे. हेडलाइट वर जातो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर येतो.

जीप, पिकअप आणि कमानीपाटे

मेळघाटात धारणी, चिखलदरा, सेमाडोहच्या बाजूला जुन्या जीपगाड्या अजून चालताना दिसतात. त्यांना पुढे अखंड एक्सल आणि कमानीपाटे असतात. एक्सल अखंड असल्याने एका टायरॉडने दोन्ही चाके बांधलेली असतात, त्यामुळे टो सहसा हलत नाही. गडबड होते ती स्टेअरिंग बॉक्समधून एक्सलकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची. भार वाढवायचा म्हणून पाटे वाढवले किंवा शॅकल लांब केले, की ही लिंक तिरपी होते. मग एक चाक खड्ड्यात उतरले की दोन्ही चाके वळतात आणि स्टेअरिंगला झटका बसतो. घाटात, दरीच्या बाजूला, हा झटका लहान नसतो. तो घालवायला लिंक पुन्हा शक्य तितकी आडवी करावी लागते, त्यासाठी बॉक्सवरचा पिटमन आर्म खालच्या वाकाचा टाकतात. पाट्यांमुळे कास्टर बिघडला असेल तर एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पोलादी पाचर घालतात. पाचरेची जाड बाजू पुढे की मागे, हे मोजल्याशिवाय ठरवू नये. उलटी बसली तर स्टेअरिंग परत येणेच बंद होते आणि एखाद्या वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. अर्थात ही थरथर किंगपिन झिजल्याने किंवा बेअरिंग ढिले असल्यानेही येते, म्हणून आधी चाक उचलून हलवून पाहायचे, मग पाचरेचा विचार.

बैलगाडीला जो प्रश्न नव्हता

दुसऱ्या मॉडेलचा नकल बसतो म्हणून लावून दिला, असेही होते. बसतो खरे, पण त्याचा हात लांबीला किंवा कोनाला वेगळा असतो, आणि मग वळणाचे गणित बिघडते. बैलगाडीला ही अडचण नाही. तिला दोनच चाके, प्रत्येक आपल्या वेगाने फिरते, आतला बैल थांबतो, बाहेरचा चालतो आणि गाडी वळते. चार चाकांच्या गाडीत पुढच्या दोन चाकांना वेगवेगळे वळावे लागते. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि गाडी मधोमध ४ मीटरच्या गोलात वळत असेल, तर आतले चाक साडेपस्तीस अंश वळायला हवे आणि बाहेरचे सव्वासत्तावीस. हा फरक नकलच्या हाताच्या तिरकसपणातून मिळतो. म्युनिकचे घोडागाडी बनवणारे लांकेनस्पेर्गर यांनी ही युक्ती काढली आणि १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी तिचे पेटंट घेतले. नाव मात्र आकरमन यांचेच चालले. चुकीचा नकल लावलेली गाडी अंगणात पूर्ण वळवताना टायर कर्रकर्र घासतात. टो कितीही जुळवला तरी तो आवाज जात नाही.

अलाइनमेंटला नेताना

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चारही टायरची हवा, मग दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजून, मग बॉल जॉइंट आणि टायरॉडची ढिलाई. ढिल्या पार्टवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. डिक्कीत खताची पोती असतील तर उतरवून जावे. कास्टर आणि कॅम्बर आधी जुळतात, टो सगळ्यात शेवटी, कारण वरचे काही हलवले की टो हलतोच.

टो जुळवताना स्टेअरिंग सरळ बांधून दोन्ही टायरॉड सारखेच फिरवायला सांगावे. एकाच बाजूने माप ओढून घेतले तर आकडा बरोबर येतो, पण स्टेअरिंग वाकडे होते. मग कुणीतरी स्टेअरिंगच काढून एक दाता फिरवून बसवतो. एअरबॅगच्या गाडीत तर हे अजिबात करू देऊ नये. काम झाल्यावर लॉक नट कसलेले आहेत का आणि टायरॉड एंडला नवी स्प्लिट पिन घातली का, हे मालकाने स्वतः वाकून पाहावे. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्यावा.

गाडी तरीही डावीकडे जात असेल तर लगेच भांडू नये. पाणी वाहून जावे म्हणून रस्ताच कडेला उतरता केलेला असतो, आणि आपण डावीकडून चालतो. रिकाम्या, सपाट जागी तपासावे. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून पाहावे. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे, कोनाचा नाही. फक्त एकाच दिशेने फिरणारे, बाण असलेले टायर असतील तर हा प्रयोग करू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा नवा टाकणे यात येत नाही. दोन इंच उंच केलेली गाडी मात्र अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर उभी राहिली, तर तो पहिला प्रश्न स्पेसरचाच विचारू शकतो.

नवे स्प्रिंग आणि बुश चालून थोडे बसतात. त्यामुळे पार्ट बदलल्यावर हजारेक किलोमीटर झाले की मडगार्डची उंची परत मोजावी, टायरवरून एकदा हात फिरवून पाहावा, आणि आकडा हलला असेल तर पुन्हा अलाइनमेंट करून घ्यावी. दोन वेळच्या अलाइनमेंटचा खर्च मिळूनही पुढच्या एका टायरच्या किमतीपेक्षा कमीच असतो.